हाड एकदा मोडल्यावर ‘आधी नैसर्गिक करून बघू’ म्हणू नका

ऑस्टिओपोरोसिसचा, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याच्या आजाराचा, विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूला रिपोर्टमध्ये हाडांच्या दाटपणाचा आकडा कमी दिसला रे दिसला की गोळी सुरू करा म्हणणारे, आणि दुसऱ्या बाजूला त्या गोळ्यांनी जबडा कुजतो, मांडीचं हाड मोडतं, त्यापेक्षा कॅल्शियम घ्या, उन्हात बसा, रोज चाला, सगळं आपोआप भरून येतं असं सांगणारे. मला दोघांशीही वाद घालायचाय, पण सारख्याच जोराने नाही. माझं म्हणणं असंय की ज्या माणसाचं हाड साध्या पडण्यातून, म्हणजे चालता चालता पाय घसरून किंवा खुर्चीवरून उठताना तोल जाऊन, एकदा मोडलंय त्याच्यासाठी औषध की नैसर्गिक हा वादच शिल्लक राहिलेला नाही. काही वैद्यकीय अडचण नसेल तर त्याला औषध लागतं आणि लवकर लागतं. ज्यांचं हाड अजून मोडलेलं नाही त्यांच्याबाबतीत जरूर वाद घालूया, तिथे दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं भरपूर आहे.

इतकं ठाम का म्हणतोय ते सांगतो. एक फ्रॅक्चर झालं की दुसरं होण्याची शक्यता वाढते हे बऱ्याच जणांना माहिती असतं, पण ती शक्यता पुढच्या आयुष्यभर सारखी पसरलेली नसते, पहिल्या दोन वर्षांत ती सगळ्यात जास्त असते. आणि नेमकी हीच दोन वर्षं लोक “आधी नैसर्गिक करून बघू, नाहीच जमलं तर गोळी आहेच” यात घालवतात. ऐकायला हे किती समंजस वाटतं, घाई नको, शरीराला संधी देऊया वगैरे, पण धोका सगळ्यात जास्त असतानाच हातावर हात ठेवून बसायचं असा त्याचा अर्थ होतो. मनगट मोडतं, मग मणका दबतो, मग एक दिवस खुबा जातो. आणि खुब्याचं फ्रॅक्चर ही फार वाईट गोष्ट आहे हो, ते झालेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातला एक जण साधारण वर्षभरात जातो, आणि जे राहतात त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा पहिल्यासारखं आधाराशिवाय चालता येत नाही. पुरुषांचं प्रमाण कमी असलं तरी खुबा मोडल्यानंतर मरण्याची शक्यता त्यांच्यात बायकांपेक्षा जास्त असते, तरीही हा बायकांचा आजार म्हणून पुरुषांना कुणी विचारतच नाही.

माझ्या आत्याचं मनगट असंच घरातल्या घरात पडून मोडलं होतं. हॉस्पिटलमध्ये हात बसवला, प्लास्टर घातलं, काढलं, बोटांचे व्यायाम शिकवले, सगळं व्यवस्थित केलं. पण हे हाड एवढ्याशा पडण्याने मोडलं कसं, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पुढे तिची पाठ दुखायला लागली तर वय झालं म्हणाले. तिचे नेहमीचे कपडे तिलाच लांब व्हायला लागले, वरच्या फळीवरचा डबा हाताला लागेना, तेव्हा कुठे एक्स-रे काढला आणि त्यात एक मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा दबलेला दिसला. मणक्याच्या फ्रॅक्चरचं हेच असतं, साधारण तीनातली दोन लक्षातच येत नाहीत, पाठदुखी म्हणून अंगावर काढली जातात. उंची काही सेंटीमीटरने कमी झाली असेल तर ती वयाची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे मागा.

आता नैसर्गिक उपायांकडे वळू, कारण तिथे माझा राग उपायांवर नाहीये, त्यांच्याबद्दल जे दावे केले जातात त्यावर आहे.

हाड जिवंत असतं. रस्त्याच्या कामात एक टोळी पुढे खोदत जाते आणि मागून दुसरी भरत येते ना, तसं हाडात सतत चालू असतं, मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. तरुणपणी दोघींचा वेग जुळलेला असतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हॉर्मोन कमी होतं आणि खोदणारी टोळी सुसाट सुटते, भरणारीला तेवढा वेग झेपत नाही, मग खड्डे राहात जातात. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर भरणारी टोळीच मंदावते. कॅल्शियम म्हणजे या कामावरची खडी. खडीच नसेल तर काम होणार नाही हे उघड आहे, पण खोदणारे दुप्पट वेगाने खोदत असतील तर खडीचे आणखी चार ट्रक ओतून काय होणार? खोदणं आवरायला लागतं, आणि अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब ही औषधं तेच करतात. टेरिपॅराटाइडसारखं इंजेक्शन उलट भरणाऱ्या टोळीला जोर देतं.

हे फक्त तर्काने म्हणत नाहीये, करून बघितलेलं आहे. अमेरिकेत पाळी गेलेल्या ३६,२८२ बायकांवर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचा मोठा प्रयोग झाला, २००६ साली निकाल आला, खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये छातीठोक म्हणावा असा फरक दिसला नाही, मूतखडे मात्र वाढले. २०२२ मध्ये २५,८७१ लोकांच्या प्रयोगाचा निकाल आला, रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी घेऊनही साधारण निरोगी माणसांत फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. मग कॅल्शियम आणि डी फुकट आहेत का? अजिबात नाही. १९९२ साली फ्रान्समध्ये वृद्धाश्रमातल्या तीन हजारांवर म्हाताऱ्या बायकांना हेच दोन्ही दिलं तर खुब्याची फ्रॅक्चर ठळकपणे कमी झाली, कारण त्या घराबाहेर फारशा पडत नव्हत्या, त्यांच्यात दोन्हीची खरीखुरी कमतरता होती. म्हणजे कमी असेल तर भरून काढा, त्याचा फायदा होतो, औषध सुरू करायच्या आधीसुद्धा ते भरून काढावंच लागतं. पुरेसं असताना वर आणखी घेऊन हाड जास्त मजबूत होत नाही. आणि अति घेतलं तर उलटसुद्धा होतं, ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट डी देऊन पाहिलं तर त्यांचं पडणंही वाढलं आणि फ्रॅक्चरही वाढली, हा २०१० चा निकाल आहे. “व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर काय बिघडतं” म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

दुसरी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. अमुक पावडरने, तमुक अर्काने माझी बोन डेन्सिटी, म्हणजे हाडाचा दाटपणा, वाढली असं कुणी सांगितलं की आपण खूश होतो, पण आपल्याला डेन्सिटी वाढवायची नाहीये, हाड मोडू द्यायचं नाहीये. या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. फ्लोराइड हे निसर्गात मिळणारं खनिज, ते भरपूर देऊन अमेरिकेत २०२ बायकांवर प्रयोग झाला, १९९० मध्ये छापून आला. मणक्याची डेन्सिटी ३५ टक्क्यांनी वाढली होती! आजच्या औषधांनाही सहसा जमत नाही एवढी. आणि मणक्याची फ्रॅक्चर कमी झाली नाहीत, बाकीची हाडं तर जास्त मोडली, कारण नवं हाड घट्ट होतं पण ठिसूळ होतं. स्ट्रॉन्शियमच्या सप्लिमेंटचंही असंच काहीसं आहे, तो अणू कॅल्शियमपेक्षा जड, तो हाडात जाऊन बसला की डेक्सा मशीनला, म्हणजे हाडाचा दाटपणा मोजणाऱ्या यंत्राला, हाड आहे त्यापेक्षा दाट दिसतं. म्हणून कुठलाही उपाय असो, गोळी असो की मुळी, पहिला प्रश्न एकच विचारायचा, याने फ्रॅक्चर कमी झाली का, आणि किती माणसांत बघितलं.

व्यायामाच्या बाबतीत मात्र मी नैसर्गिकवाल्यांच्याही चार पावलं पुढे जाईन, कारण मला वाटतं की तेच त्याला फार कमी लेखतात. “रोज चाला” एवढ्यावर थांबतात. चालणं तब्येतीला उत्तमच, पण हाडाला रोजच्या सवयीपेक्षा जास्त भार पडल्याशिवाय ते जागं होत नाही, नुसत्या चालण्याने डेन्सिटी फारशी हलत नाही. भार काढून घेतला तर काय होतं ते अंतराळवीरांत दिसतं, वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घटतं. आणि भार घातला तर काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या लिफ्टमोर नावाच्या प्रयोगात दिसलं, हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ बायका, त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जवळ प्रशिक्षक उभा ठेवून चांगलं जड वजन उचलायला लावलं, डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन नेणं आणि उडी मारून जोरात खाली उतरणं. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची डेन्सिटी सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. साठी-पासष्टीच्या बायका! त्यांना आपण पिशवी उचलू नको म्हणतो. फक्त १०१ जणींच्या प्रयोगातून फ्रॅक्चर कमी होतात हे सिद्ध होत नाही, आणि हे व्हिडिओ बघून एकट्याने घरी करण्यासारखं नक्कीच नाही, ज्याचा मणका आधीच दबलाय त्याने तर पुढे वाकून करायचे सिट-अपसारखे व्यायाम टाळायलाच हवेत, त्याने फिजिओकडेच जावं. पण दिशा स्पष्ट आहे.

आणि व्यायामाचा खरा मोठा फायदा हाडात नाहीच, तोलात आहे. खुब्याची बहुतेक फ्रॅक्चर पडल्यामुळेच होतात, आणि तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांनी म्हाताऱ्या माणसांचं पडणं साधारण पाव हिश्श्याने कमी होतं, हे अनेक प्रयोग एकत्र करून बघितलेलं आहे. घरी आज करून बघा, साध्या खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात छातीवर दुमडायचे, आणि हात न टेकता उठायचं. ज्याला जमत नाही, जो पुढे झोके घेत घेत कसाबसा उठतो, त्याच्या मांड्यांत ताकद उरलेली नाही, रात्री अंधारात बाथरूमला जाताना तोल गेला तर त्याला सावरता येणार नाही. झोपेच्या गोळ्या, चष्म्याचा जुना नंबर, पायात अडकणारी सतरंजी, उभं राहिल्यावर प्रेशर पाडणाऱ्या गोळ्या, हे सगळं हाडांच्या आजाराच्या फाइलमध्येच लिहिलं पाहिजे असं माझं मत आहे.

तर मग औषधाचं. इथे मी आकडे नीट उघडून दाखवतो, कारण “५० टक्के फायदा” असं ओरडणारे आणि “काही फायदा नाही” असं ओरडणारे दोघंही अर्धंच सांगतात. अ‍ॅलेन्ड्रोनेटचा १९९६ चा प्रयोग घ्या, मणक्याचं फ्रॅक्चर आधीच झालेल्या २,०२७ बायका, तीन वर्षं. खोटी गोळी घेणाऱ्या १०० पैकी १५ जणींचा आणखी एखादा मणका मोडला, खरी घेणाऱ्या १०० पैकी ८ जणींचा. खुबा मोडला तो १०० पैकी साधारण २ विरुद्ध १. म्हणजे खुब्याचा धोका निम्म्यावर आला हे खरं, आणि तीन वर्षांत शंभरात एकीचाच खुबा वाचला हेही खरं. पण मणक्यात शंभरात सात जणी वाचल्या, हा छोटा फायदा नाही. आणि खुबा मोडून ऑपरेशन झालेल्यांना तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदा दिलं जाणारं सलाईन सुरू करून बघितलं, २००७ मध्ये निकाल आला, पुढची फ्रॅक्चर शंभरात १३.९ वरून ८.६ वर आली, आणि मृत्यूसुद्धा १३.३ वरून ९.६ वर आले. कुठल्याही चूर्णाने, ज्यूसने असं काही करून दाखवलेलं मला माहीत नाही. फ्रॅक्चर झालेल्या माणसाबाबत मी ठाम आहे तो या आकड्यांमुळे.

भीतीचं काय? भीती खोटी नाही, आणि जो डॉक्टर “काही होत नाही हो” म्हणून झटकून टाकतो तोच पेशंटला गोळी बंद करायला लावतो. जबड्याचं हाड न भरणं हे होतं, पण ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये अगदी क्वचित, कॅन्सरमध्ये जे मोठे डोस देतात तिथे ते जास्त दिसतं, म्हणून औषध सुरू करायच्या आधी दातांची मोठी कामं उरकून घ्या आणि डेंटिस्टला सांगून ठेवा. मांडीचं हाड मधोमध मोडण्याचा प्रकारही खरा आहे. त्याचा हिशोब २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बायकांच्या मोठ्या अभ्यासातून आला, १०,००० गोऱ्या बायकांनी तीन वर्षं अ‍ॅलेन्ड्रोनेटच्या वर्गातली औषधं घेतली तर खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि असं मांडीचं फ्रॅक्चर दोघींना होतं. आशियाई वंशाच्या बायकांत टळतात ९१ आणि होतात ८. आपल्यासाठी दुसरा आकडा जास्त जवळचा आहे, तो लपवायचं कारण नाही, आपल्याकडे फायदा थोडा कमी आणि हा धोका जास्त. तरीही ९१ आणि ८. शिवाय औषध थांबवलं की हा धोका झपाट्याने खाली येतो, आणि बऱ्याचदा हाड पूर्ण मोडण्याच्या आधी मांडी किंवा जांघ कित्येक आठवडे दुखत असते, त्यामुळे असं दुखायला लागलं तर थांबू नका, एक्स-रे काढा.

म्हणूनच ही गोळी जन्मभराची नाही. पाचेक वर्षं गोळ्या किंवा तीनेक वर्षं सलाईन झालं की पुन्हा तपासायचं, धोका कमी असेल तर सुट्टी द्यायची, औषध हाडात मुरलेलं असतं, त्याचा परिणाम काही काळ राहतो. घेण्याची पद्धतही नीट समजावली पाहिजे, सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहासोबत नाही, दुधासोबत तर नाहीच, आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. कितीतरी जण ही गोळी जेवणानंतर घेतात, मग ती अंगाला लागतच नाही.

एका इंजेक्शनबद्दल मात्र हात जोडून सांगतो. डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली घ्यायचं. ते मनाने बंद करायचं नाही. त्याचा परिणाम हाडात साठून राहात नाही, तारीख काही महिने टळली की आवरून धरलेलं खोदणं उसळून सुरू होतं आणि काही जणांचे एकामागोमाग दोन-तीन मणके दबतात. बंदच करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध लावून बंद करतात. “आता बरं वाटतंय, आता नैसर्गिक उपायांवर येते” असं म्हणून ज्या बायका हे इंजेक्शन सोडतात त्यांची मला फार काळजी वाटते, कारण त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता दुसरा तट, आकडा कमी दिसला की गोळी सुरू करा म्हणणारा. फ्रॅक्चर नाही, पंचावन्नाव्या वर्षी हौसेने किंवा पॅकेजमध्ये डेक्सा केली, टी-स्कोअर, म्हणजे दाटपणाचा आकडा, उणे १.८ आला, रिपोर्टवर ऑस्टिओपेनिया लिहिलं आणि बाई घाबरून गेली. ही रेघ काही निसर्गाने ओढलेली नाही, १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तरुण बायकांच्या सरासरीशी तुलना करून उणे १ ते उणे २.५ याला ते नाव दिलं, पाळी गेलेल्या बायकांचा मोठा हिस्सा त्यात बसतो. अ‍ॅलेन्ड्रोनेटच्याच १९९८ च्या प्रयोगात ज्यांचा स्कोअर उणे २.५ पेक्षा बरा होता आणि मणका मोडलेला नव्हता त्यांच्या फ्रॅक्चरमध्ये औषधाने खात्रीलायक फरक पडला नाही. अशा बाईला लगेच गोळी देणं मला पटत नाही. तिने वजनं उचलावीत, तोलाचे व्यायाम करावेत, सिगरेट सोडावी, दारू आवरावी, डी आणि थायरॉइड तपासावं, आणि फ्रॅक्स नावाच्या धोका मोजणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये वय, वजन, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड वगैरे भरून पुढच्या दहा वर्षांचा धोका बघावा. पाळी जाऊन थोडीच वर्षं झाली असतील आणि त्याचा त्रासही होत असेल तर हॉर्मोन थेरपीबद्दल विचारावं. पण वय वाढलं की हेच गणित बदलतं. न्यूझीलंडमध्ये पासष्टीपुढच्या, ऑस्टिओपेनिया असलेल्या २००० बायकांना सहा वर्षं दर दीड वर्षाने झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं सलाईन दिलं, खोट्या सलाईनवाल्या हजारांत १९० जणींचं हाड मोडलं, खऱ्यावाल्या हजारांत १२२ जणींचं. तेव्हा पंचावन्नची बाई आणि पंच्याहत्तरची बाई, स्कोअर तोच असला तरी सल्ला तोच नसतो, आणि जो फक्त स्कोअर बघून औषध लिहितो किंवा फक्त स्कोअर बघून नको म्हणतो तो दोन्ही वेळा चुकतो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त राग येतो तो व्यवस्थेचा. मोडलेलं हाड जोडणारा विभाग वेगळा, हाड का मोडलं हे बघणारा वेगळा, आणि दोघांच्या मधे पेशंट हरवतो, मग त्या पोकळीत जो कुणी पावडर विकायला बसलेला असतो त्याचं फावतं. यावर उपाय सापडलेला आहे. १९९९ च्या सुमारास ग्लासगोमध्ये एक साधी पद्धत सुरू झाली, फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस म्हणतात तिला, पन्नाशीपुढचा जो कुणी हाड मोडून येईल त्याचं नाव एक नर्स टिपून घेते, त्याची डेक्सा, रक्ततपासण्या, औषध, पडण्याचा धोका हे सगळं तीच मार्गी लावते, आणि नंतर फोन करून तो औषध घेतोय का विचारते. नवं मशीन लागत नाही, एक माणूस आणि एक यादी लागते. जिथे जिथे फ्रॅक्चरची ऑपरेशनं होतात तिथे ही यादी सक्तीची असावी, डिस्चार्जच्या कागदावर “हाडं विरळ आहेत का, तपासणी कधी, औषध कोण सुरू करणार” अशा तीन ओळी छापलेल्या असाव्यात आणि त्या रिकाम्या ठेवून कुणाला घरी पाठवता येऊ नये. तोवर हे काम नातेवाइकांनाच करावं लागणार, तर बिल भरायच्या रांगेत उभं राहण्याआधी वॉर्डमध्ये परत जा, डॉक्टरांना गाठा आणि त्या तीन ओळी त्यांच्या हातानं लिहून घ्या.